जगऱ्यातलं बिबिक्कन

माझा स्वभावच असा, तोंड आधी धावतं आणि डोकं मागून पाय ओढत येतं. विहारातल्या बायकांच्या बैठकीत पौर्णिमाने यादीत 'खीर' लिहून पुढे स्वतःचं नाव टाकलं आणि मी फटकन बोलून गेले, "दरसाल खीरच कायले? यंदा भन्तेसाठी थ्यांच्या देशातलं गोड मी करून आनते."

पौर्णिमाने पेन खाली ठेवलं. "तुले येते काय?"

"येते म्हंजे? काय अवघड हाये थ्यात?"

तोवर मी आयुष्यात केक फक्त कापला होता.

पण बोलण्यामागे कारण होतं. वर्षावासाचे तीन महिने आम्ही अनसिंग गावच्या बायका रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतो आणि आश्विन पौर्णिमेला समापन करतो. त्या दिवशी संभाजीनगरहून भन्ते विमलसार येतात. मूळचे श्रीलंकेचे. पाली शिकायला इकडे आले ते विद्यापीठातच राहिले. त्यांचं प्रवचन होतं, गाव त्यांना भोजनदान देतं, आणि भोजनात खीर असतेच. सुजाताने बुद्धाला खीर दिली होती, म्हणून जिल्ह्यातलं प्रत्येक गाव भन्तेंना खीर देतं. भिक्खू काही मागत नाही आणि पात्रात पडलेलं नाकारत नाही. इकडे आल्यापासूनच्या चार वर्षांत त्या माणसाने किती खीर संपवली असेल, याचा मी बोटांवर हिशोब मांडायची.

मागच्या वर्षी मीच त्यांना विचारलं होतं, "भन्ते, तुमची माय गोड काय करे?"

ते हसले. म्हणाले, "बिबिक्कन. नारियल का केक. काला-काला. माँ बनाती थी."

त्या 'थी'वर मी अडखळले. मग त्यांनीच सांगितलं, आई दोन वर्षांपूर्वी गेली, मला जाता आलं नाही. भाजीत मीठ बरोबर आहे असं सांगावं, इतक्या साध्या आवाजात सांगितलं. तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला होता. आईच्या हातचं काही मी देऊ शकत नव्हते, पण तशी चव तरी त्यांच्या पात्रात पडावी, एवढंच मला हवं होतं.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं. वैभवी नववीत आहे. ती आधी ओरडली, मग सोफ्यावर उभी राहिली, मग मोबाईल घेऊन खाली बसली. पाच मिनिटांत तिने व्हिडिओ शोधला. मागे माडाची झाडं, चूल, आणि एक हसरी बाई अजिबात न कळणाऱ्या भाषेत घडाघडा बोलत होती. मला कुणाचं लांबण ऐकवत नाही. मी सुरुवातीची दोन मिनिटं बोटाने पुढे ढकलली आणि थेट कामाचं पाहिलं. गूळ, रवा, काजू, वेलची, लवंग, दालचिनी, बडीशेप आणि खोबरं.

"अवं माय!" मी म्हणाले. "सारं घरातच हाये की!"

आम्ही दोघी इतक्या हरखलो की संध्याकाळचा स्वयंपाक राहिला. मी डब्यातून खोबऱ्याच्या वाट्या काढल्या. आमच्याकडे खोबरं म्हणजे वाटीचं, सुकं, मसाल्याचं. व्हिडिओतला केक काळाकुट्ट दिसत होता. म्हणजे खोबरं काळं भाजायचं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी ते किसून लोखंडी कढईत खमंग काळं होईपर्यंत भाजलं. लवंग-दालचिनी-बडीशेपही सोबत भाजली, मिक्सरला लावली, गुळाच्या पाकात रव्यासोबत ढवळली. कुकरची शिटी काढली, तळाला मीठ पसरलं, डबा ठेवला आणि दोघी समोर मांडी घालून बसलो. वैभवी दर दोन मिनिटांनी विचारायची, "झाला असन काय?"

तेवढ्यात प्रसेनजित, माझे मिस्टर, एसटीच्या ड्युटीवरून आले. कंडक्टर आहेत, दिवसभर उभं राहून आलेले. दारातच त्यांनी मोठा श्वास घेतला आणि चेहरा खुलला. "आज काय बेत हाये? मटन?"

मी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पण नाकाने घात केला. घरभर मटणाच्या रश्शाचा वास सुटला होता.

केक निघाला तो पाट्यावरच्या वरवंट्यासारखा. सुरी लागेना. वैभवीने बत्त्याने तुकडा पाडला. प्रसेनजितनी तो तोंडात धरून बराच वेळ चघळला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "चव बराबर हाये. मटन टाकाचं राह्यलं."

मी दोन तास फुगून बसले. वैभवी मात्र हट्टी, माझीच मुलगी. तिने व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि किंचाळली, "आई, हे पाय! थे बाई नारळ फोडून राह्यली! पानी सांडलं पाय! ओला नारळ पायजे, ओला! तू हेच पुढं ढकललं!"

माझा राग तिथेच पळाला. चूक कळली की मला कसा जोर चढतो! ओला नारळ! आमच्या घरात तो कधी आलाच नव्हता, म्हणून तर सुचला नाही. "उद्या बजारातून तीन नारळ आनते," मी जाहीर केलं. "अन् घरातच फोडते."

"या घरात नारळ फुटनार नाई."

आवाज दारातून आला. गंगूबाई, माझ्या सासूबाई. वय पंच्याहत्तर, पाठ अजून ताठ. गावातल्या सर्वांत वडील उपासिका त्याच, त्यामुळे दरवर्षी भन्तेंच्या पात्रात पहिलं अन्न त्यांच्या हातचं पडतं. कमी बोलतात, आणि बोललेलं परत घेत नाहीत.

"आई, पूजेले नाई. खायाले पायजे, भन्तेसाठी."

"मी सांगतलं ना."

"पन काहून?"

"फोडसीन तं मी विहारात येनार नाई. तुमी जा तुमचं."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी प्रसेनजितकडे पाहिलं. ते हात धुवायच्या निमित्ताने मोरीकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "लहानपनापासून असंच हाये. विचाराची कोनाची टाप होती?"

इतकी वर्षं मी समजत होते की आम्ही देव सोडले म्हणून नारळ सुटला. पण तसं म्हणावं तर पौर्णिमाच्या घरी इडलीबरोबर नारळाची चटणी होते, तिथे कुणाचा धम्म बुडत नाही. ही गोष्ट वेगळी होती, आणि सासूबाई ती सांगणार नव्हत्या. समापनाला त्या आल्या नाहीत तर पहिला घास कोण वाढणार? अख्खं गाव विचारेल. आणि केक नाही नेला तर पौर्णिमा विचारेल. दोन्हीकडून माझंच नाक कापलं जाणार होतं.

मग मी वकिली लढवली. सासूबाई म्हणाल्या, या घरात नाही. गोजराबाईचं घर तर शेजारी आहे.

गोजराबाई शेतकरी बाई, मोठ्या मनाची. सोयाबीनची काढणी चालू होती, तिला श्वास घ्यायला वेळ नव्हता, तरी ऐकून तिने विळा खाली टाकला. "केक? माझ्या घरी? मंग आमच्या सुनेचं ओव्हन काढू ना! लग्नात आलं, तीन वर्ष झाले, खोक्यातच हाये!"

नारळ तिच्या हातात दिला तर ती सवयीने देवघराकडे चालू लागली. मी ओरडले, "देवापुढं नको वं!"

"मंग कुठी फोडू?"

"कुठीबी फोड. खायाचा हाये फक्त."

ती नारळ हातात घेऊन अंगणाच्या मधोमध उभी राहिली. बिचारीने जन्मात नुसता खायला नारळ फोडला नव्हता. शेवटी कपडे धुवायच्या दगडावर फोडला, आणि हाताच्या सवयीने थोडं पाणी चारी दिशांना शिंपडलंच. मी म्हटलं, जाऊ दे, दिशांनी कुणाचं काय घोडं मारलं आहे.

ओलं खोबरं किसलं तेव्हा बोटांना दूध लागलं. गुळाच्या पाकात ते शिजायला लागलं आणि जो वास आला, त्याला मटणाची काही आठवण नव्हती. वैभवी कढईवर एवढी वाकली की तिची वेणी पाकात जाता जाता वाचली. भाजलेला रवा, वेलची, जराशी लवंग, काजूचे तुकडे. तिन्हीसांजेला चव पाहायला एक छोटा डबा कुकरमध्येच भाजला आणि उघडून पाहिला तर वरून गडद, आतून ओलसर, दाणेदार. पहिला तुकडा मी तोंडात टाकला आणि गोजराबाईच्या स्वयंपाकघरात उडी मारली. खरंच मारली. चाळीस वर्षांची बाई मी. वैभवीने माझे हात धरले आणि आम्ही दोघी गोल फिरलो. गोजराबाई तिसरा तुकडा खात म्हणाली, "पुरनाले अन् बर्फीले लेकरू झालं असतं तं असंच लागलं असतं."

तीन नारळांपैकी एक संपला. दुसरा समापनासाठी. तिसरा जास्तीचा, तो पिशवीत राहिला.

पौर्णिमेच्या सकाळी मी पांढरी साडी नेसले, वर जुनं दुपट्टं बांधलं आणि आठलाच गोजराबाईकडे पोचले. चाळीस माणसांना तुकडा तुकडा यावा म्हणून हा डबा मोठा होता, कुकरमध्ये मावणारा नव्हता. ओव्हनमध्ये मात्र नेमका बसला. साडेनऊला बटन फिरवलं, आत लाल दिवा लागला. भन्ते तेव्हा एसटीतून उतरले असतील. साडेनऊ ते साडेदहा भाजणं, अर्धा तास गार होणं, अकराला भोजन. माझं गणित चोख होतं.

नऊ पन्नासला लाईट गेली.

मी आधी हसले. येईल म्हटलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गोजराबाई फोन करून आली. "तारीवर काम काढलं म्हनते. एक वाजता येईन."

एक वाजता! भिक्खू बारानंतर अन्नाला शिवत नाहीत. आणि बारालाही उशीर, कारण एकदा जेवण आटोपून आसनावरून उठले की दिवसभर पुन्हा काही घेत नाहीत. मी ओव्हनचं दार उघडलं. कडेने केक धरला होता, मध्ये नुसता चिखल. हलवला तर बसेल, कुकरमध्ये मावत नाही, गॅसवर ठेवला तर खालून जळेल. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला रडू कोसळलं. लाज वाटायच्याही पलीकडे गेले होते.

"सरिते. किती वेळ हाये? चाल."

सासूबाई दारात उभ्या. पांढरं शुभ्र लुगडं, हातात फुलांची पिशवी. मला न्यायला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या करवंट्यांकडे पाहिलं. ओल्या खोबऱ्याचा वास घरभर होता. लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून मी एका दमात सगळं सांगितलं. मटणाचा वास, व्हिडिओ, गोजराबाईचा दगड, लाईट, आणि भन्तेंची आई.

मला वाटलं, आता फिरतील आणि घरी जातील.

"भन्तेची माय करे म्हनतेस हे?"

"हो."

"गेली ना थे?"

"हो. थ्याईले जाता आलं नाई."

त्यांनी फुलांची पिशवी खुंटीला अडकवली आणि पदर कमरेला खोचला. "खालून अन् वरून बराबर आच पायजे. एवढंच ना? मंग विजेचं काय काम हाये? गोजरे, गोवऱ्या कुठी हायेत?"

मी डोळे पुसायचे विसरले. रोडगे! आम्ही वऱ्हाडातल्या बायका, शेतात रोडगे भाजायला गोवऱ्यांचा जगरा करतो. धूर जाऊन नुसता लाल निखारा राहिला की त्यात कणकेचे गोळे सारतो, आणि ते आतपर्यंत भाजून निघतात. ही गोष्ट मला जन्मापासून माहीत, आणि मी लाईटीसाठी रडत बसले होते!

मग काय विचारता! गोजराबाईने पाटीभर गोवऱ्या आणल्या, मी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडल्या, सासूबाईंनी अंगणात आळं रचलं. पांढऱ्या लुगड्यावर राख उडत होती आणि त्यांना पर्वा नव्हती. धूर निघून जाईपर्यंत त्यांनी मला डबा आणू दिला नाही. "घाई करसीन तं धुरकटन." निखारे लाल झाल्यावर त्यांनी मधे तीन विटा मांडल्या, त्यावर डबा, डब्यावर लोखंडी परात आणि परातीत पुन्हा निखारे. मी वैभवीला फोन लावला. ती विहारात पाहुण्यांना पाणी देत होती.

"आजी निखाऱ्यापाशी हाये, पहिला घास पौर्णिमाले वाढाले सांग. अन् भन्ते जेवाले बसले का उठू देजो नको!"

"कसं थांबवू?"

"प्रश्न विचार! ज्ञानी मानसाले प्रश्न विचारले का थो उठत नाई!"

सासूबाई निखाऱ्यांसमोर उकिडव्या बसल्या. घड्याळाकडे बघत नव्हत्या, परातीकडे बघत होत्या. मी मात्र घड्याळ आणि परात, परात आणि घड्याळ. सव्वाअकरा झाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्या बोलायला लागल्या.

"मी सात वर्षाची असन. भाऊ तापानं पडला होता, वाचला, तं बापानं नारळ बोलला होता. मले संगं घेऊन देवळात गेला. आपल्याले आत जाता येत नोतं. बाहेरूनच नारळ दिला. पुजाऱ्यानं आत फोडला. अर्धा ठेवला. अर्धा आमच्याकडं फेकला. धुळीत पडला थो."

निखारा चटचटला. त्यांनी चिमट्याने तो सारखा केला.

"मी उचलाले धावली. बापानं हात धरला. 'राहू दे,' म्हने. मले भल्ली भूक होती, सरिते. मले नारळ पायजे होता. मी रडत घरी आली. थ्याच साली आमी दीक्षा घेतली. बाप पुन्हा नारळाले शिवला नाई. मंग मी बी नाई शिवली."

गोजराबाईने मान खाली घातली. इतकी वर्षं मी त्यांच्या पाठीमागे 'हट्टी म्हातारी' म्हणत होते. मला त्या क्षणी स्वतःची फार शरम वाटली आणि त्यांचा फार अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

"आई, मी फोडाले नोता पायजे."

"बस झालं. परात उचल."

परात उचलली. सासूबाईंनी तुरीची सोललेली काडी मध्यभागी टोचली आणि बाहेर काढली. काडी कोरडी. वरचा रंग व्हिडिओतल्या बाईच्या केकपेक्षा गडद आणि वासात गोवरीच्या धुराची एक बारीक रेघ. मला वाटलं, लागला. सासूबाई म्हणाल्या, "लागला नाई. भाजला."

अकरा पंचवीस. प्रसेनजित मोटारसायकल घेऊन दारात हजर, वैभवीने त्यांनाही फोन केला होता. सासूबाई मागे बसल्या. त्यांच्या मांडीवर घडी करून पोतं ठेवलं आणि त्यावर तो कढत डबा. "जोरात नको घेऊ, डबा हालते," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पन घे जोरात!" गाडी गेली. मला जागाच नव्हती. मी साडी गुडघ्यापर्यंत धरून बाजाराच्या रस्त्याने मागे पळत सुटले. दुकानातले लोक विचारत होते, काय झालं, कुठं आग लागली? मी ओरडले, "केक!"

धापा टाकत विहारात पोचले तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. भन्ते आसनावर बसलेले, पात्रात खीर संपत आलेली, आणि समोर हात जोडून वैभवी. "भन्ते, तुमच्या देशात हत्ती शाळेत येतात काय? भन्ते, समुद्राचं पानी खारट काहून असते? भन्ते, पालीत मांजरीले काय म्हनते?" अख्खं विहार हसू दाबत होतं. भन्ते एकेका प्रश्नाचं सावकाश, पूर्ण उत्तर देत होते. त्यांना काय चाललं आहे ते कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

डबा घेऊन दाराशी माझी वाट पाहत थांबलेल्या सासूबाई मला पाहून पुढे झाल्या. राखेने डागळलेलं लुगडं, कपाळावर काजळी. त्यांनी डबा उघडला, एक मोठा तुकडा कापला आणि दोन्ही हातांनी पात्रात ठेवला.

भन्ते बोलायचे थांबले. त्यांनी पात्र जरा जवळ घेतलं. तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मी खांबाला धरून उभी होते. माझा जीव त्या एका घासात अडकला होता. त्यांनी तो घास गिळला, दुसरा घेतला, आणि मग चीवराच्या टोकाने डोळे पुसले. लपवले नाहीत.

"ये किसने पकाया?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सासूबाईंकडे.

"ऊपर आग, नीचे आग?" भन्तेंनी हाताने दाखवलं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "गोवऱ्याची."

"हमारे घर भी ओव्हन नहीं था," भन्ते म्हणाले. "माँ ऐसे ही... नारियल के छिलके की आग. ऐसा ही धुआँ आता था." त्यांनी तुकडा संपवला. भिक्खू मागत नाहीत. पण पात्र त्यांनी मागे घेतलं नाही, तसंच पुढे राहू दिलं. सासूबाईंनी दुसरा तुकडा ठेवला. बाराला दहा कमी होते.

मग बाकीच्यांना वाटायला घेतलं आणि डब्यावर नुसती झुंबड उडाली. पौर्णिमा दुसऱ्यांदा हात पुढे करत म्हणाली, "खीर उरली माझी. तुझ्यापायी." मी म्हणाले, "रात्री मले दे, मी खाते." त्या दिवशी मी कुणाचाही राग धरायला तयार नव्हते. सासूबाईंनी मात्र सगळ्यांना वाढलं आणि स्वतः घेतलं नाही. डबा रिकामा झाला तेव्हा माझ्या ते लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

दुपारी घरी आलो. मी पाय पसरून बसणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थो तिसरा कुठी हाये?"

"काय तिसरा?"

"तीन आनले होते म्हनलीस ना."

वैभवी गोजराबाईकडे धावत गेली आणि पिशवी घेऊन आली. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. आमच्याच उंबऱ्यावर. त्यांनी बत्ता मागितला, डाव्या हातात नारळ धरला, आणि कसं मारायचं ते माहीत नसल्यामुळे पहिला घाव हलका बसला. दुसरा नेमका बसला. पाणी त्यांच्या हातावरून, लुगड्यावरून वाहिलं. नारळ दुभंगला. एक भकल त्यांच्या हातात राहिलं आणि दुसरं उसळून पायरीवरून घरंगळत अंगणात गेलं. तिथे धुळीत पडलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्या भकलाकडे बघत होत्या. वैभवीला काही माहीत नव्हतं, ती उचलायला धावली. मी घाबरून तिचा हात धरला.

"सोड तिचा हात," सासूबाई म्हणाल्या. "उचलू दे तिले. आपल्याच दारातला हाये."

वैभवीने भकल उचललं, फुंकर मारली, ओढणीला पुसलं आणि दातांनी एक मोठा तुकडा काढला. "आजी, भल्ला गोड हाये!" ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, आणि ते भकल आजीच्या हातात दिलं.

सासूबाईंनी त्यालाच दात लावले. खोबरं घट्ट होतं, वेळ लागला. मग त्यांनी तुकडा तोडला आणि सात वर्षांच्या पोरीसारखा गाल फुगवून चावत राहिल्या.